चार तारा, पाच रेघा

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर, दिवाळी अंकासाठी लिहून काढलेला)



अध्यक्षांनी फोन करून "पुढच्या महिन्यात अर्धा तास बोलाल का?" असं विचारलं, तेव्हा मला वाटलं की विषय कॉम्प्युटरचाच असणार. मी पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टंट. आपल्या मंडळात आयटीवाल्याला दोनच कामं मिळतात, वेबसाइट सांभाळणं नाहीतर प्रोजेक्टरची वायर शोधणं. पण अध्यक्ष म्हणाले, "नाही हो, तुम्ही गिटारवर ते कागद बघून वाजवायला शिकलात ना, त्याबद्दल सांगा. आमच्या घरी मुलगा क्लॅरिनेट वाजवतो आणि त्याच्या वहीत काय लिहिलंय ते आम्हा दोघांना कळत नाही." त्यामुळे आजचा विषय आहे पाच रेघांची ती पाश्चात्य स्वरलिपी, आणि ती पस्तिशीनंतर का आणि कशी शिकावी.

आधी वाद्याची ओळख करून देतो. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात माझ्या हातात असतं ते साधं गिटार नव्हे, बेस गिटार. साध्या गिटारला सहा तारा, माझ्या वाद्याला चार, आणि त्या चांगल्या जाडजूड. हे वाद्य लिओ फेंडर नावाच्या अमेरिकन माणसाने १९५१ मध्ये बाजारात आणलं. गंमत म्हणजे त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हतं. त्याआधी हे काम माणसाच्या उंचीचा लाकडी डबल बेस करायचा. त्याला पडदे नसतात, त्यामुळे स्वर अंदाजानेच लावावा लागतो. फेंडरने पडदे बसवले, स्वर नेमका लागायला लागला, म्हणून त्या वाद्याचं नावच 'प्रिसिजन बेस' ठेवलं. सगळ्यात जाड तारेचा स्वर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा असतो. लॅपटॉपच्या स्पीकरवर तो धड ऐकूही येत नाही. म्हणूनच कार्यक्रमानंतर लोक मला विचारतात, "तुम्ही नक्की काय वाजवत होता?" बेसचं असंच आहे. वाजत असताना कोणाच्या लक्षात येत नाही, थांबला की गाण्याखालची सतरंजी ओढल्यासारखं वाटतं.

मी हे वाद्य पुण्यात इंजिनिअरिंगला असताना गॅदरिंगच्या बँडसाठी उचललं आणि संपूर्णपणे कानावर शिकलो. गाणं लावायचं, ऐकायचं, तारेवर शोधायचं, पुन्हा ऐकायचं. याच्या जोडीला 'टॅब' नावाची एक सोपी पद्धत असते. चार तारांच्या चार आडव्या रेघा काढायच्या आणि कोणत्या तारेवर कितव्या पडद्यावर बोट ठेवायचं तो आकडा लिहायचा. ही पद्धत कालची नाही, सोळाव्या शतकात युरोपात ल्यूट वाजवणारे अशाच कागदावरून वाजवत. पण साध्या टॅबमध्ये बोट कुठे ठेवायचं ते कळतं, किती वेळ ठेवायचं ते कळत नाही. गाणं आधी ऐकलेलं असेल तरच त्याचा उपयोग. म्हणजे पत्ता आहे पण वेळ नाही, अशी लग्नपत्रिका.

मग प्रश्न येतो की कानावर एवढं चाललंय तर लिपी शिकायचीच कशाला? प्रश्न रास्त आहे. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी जगातल्या सर्वात नावाजलेल्या बेसवादकांपैकी एक, आणि आपल्याला नोटेशन वाचता येत नाही असं त्याने स्वतःच सांगितलेलं आहे. उलट बाजूला कॅरोल के. ही बाई लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये १९६० च्या दशकात बेस वाजवायची. सकाळी एक गाणं, दुपारी जाहिरात, संध्याकाळी चित्रपटाचं पार्श्वसंगीत. समोर कागद यायचा आणि तो बघून लगेच वाजवायचं. स्वतःची गाणी करणाऱ्याला कान पुरतो. दुसऱ्याने मनात ऐकलेलं, आपण कधीच न ऐकलेलं संगीत वाजवायचं असेल तर लिपी लागते.

माझ्यावर ती वेळ आली आमच्या गावच्या हौशी नाटक मंडळीमुळे. इथे अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक गावात अशी मंडळी असते, वर्षाला एखादं म्युझिकल बसवते आणि स्टेजसमोरच्या खड्ड्यात बसून वाजवायला स्थानिक वादक शोधते. त्यांना बेसवाला हवा होता. पहिला प्रश्न आला, "वाचता येतं ना?" मी म्हटलं, "आठ महिन्यांनी येईल." ते म्हणाले, "प्रयोग नऊ महिन्यांनी आहे." झालं, ठरलं.

आता प्रत्यक्ष लिपीकडे वळू. घाबरू नका, परीक्षा नाही.

पाच आडव्या रेघा असतात, त्याला म्हणतात स्टाफ. रेघा पाच आणि मधली घरं चार. स्वर रेघेवर बसतो नाहीतर घरात. वर गेलं की स्वर चढा, खाली आलं की उतरता. एवढं पाच वर्षांच्या मुलालाही समजतं. पण कोणती रेघ म्हणजे कोणता स्वर हे सुरुवातीला काढलेल्या चिन्हावरून ठरतं. त्याला क्लेफ म्हणतात. खालच्या पट्टीतल्या वाद्यांसाठी बेस क्लेफ असतो. कानाच्या पाळीसारखा आकार आणि शेजारी दोन टिंबं. ती टिंबं वरून दुसऱ्या रेघेच्या वर-खाली असतात. त्या रेघेवर एफ, म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी चार. तिथून बाकीचे स्वर मोजायचे.

माझ्या चार मोकळ्या तारा म्हणजे ई, ए, डी आणि जी. ए सगळ्यात खालच्या घरात बसतो, डी बरोबर मधल्या रेघेवर आणि जी सगळ्यात वरच्या घरात. ई मात्र बिचारा स्टाफमध्ये मावत नाही, त्याच्यासाठी खाली एक छोटी जादा रेघ काढतात. पहिल्या आठवड्यात मी फक्त या चार जागा पाठ केल्या. आणखी एक मजा सांगतो. बेसचं संगीत प्रत्यक्षात वाजतं त्याच्यापेक्षा एक सप्तक वर लिहितात. खरं तेवढं खाली लिहिलं असतं तर कागदावर जादा रेघांची शिडीच लागली असती.

इथपर्यंत सोपं वाटतं. खरी कटकट पुढे आहे. पियानोवर एका स्वराची जागा एकच. बेसवर तसं नाही. सगळ्यात बारीक मोकळ्या तारेचा जी घ्या. तोच स्वर पुढच्या तारेच्या पाचव्या पडद्यावर मिळतो, त्याच्या पुढच्या तारेच्या दहाव्या पडद्यावर मिळतो आणि सगळ्यात जाड तारेच्या पंधराव्या पडद्यावरही मिळतो. कागद सांगतो "जी वाजव", कुठे ते सांगत नाही. ते तुम्ही ठरवायचं, आणि तेही पुढे कोणता स्वर येतोय ते बघून. म्हणून बेस किंवा गिटार वाजवणारे वाचण्याचा कंटाळा करतात. आळस हे त्याचं एकमेव कारण नाही.

आता तालाकडे येतो. माझ्या अनुभवात वाचताना माणूस अडखळतो तो स्वरावर कमी आणि लयीवर जास्त. लयीचे आकार बघून मला आठवले आमच्या आजोबांचे पाढे! जुन्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ असायची. पाश्चात्य लयीचं लिखाण म्हणजे दुसरं काही नाही. पोकळ गोल म्हणजे अख्खा स्वर, चार मात्रांचा. त्याला दांडी लावली की अर्धा, दोन मात्रा. गोल भरीव केला की पाव, म्हणजे नेहमीच्या चार मात्रांच्या हिशोबात एक मात्रा. दांडीला एक शेपूट लावली की अर्धी मात्रा, दोन शेपट्या लावल्या की पाव मात्रा. प्रत्येक वेळी दोनाने भाग. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना तर हे घरचंच. आणि स्वराच्या शेजारी टिंब दिलं की दीडपट. एका मात्रेचा स्वर दीड मात्रेचा होतो, अर्ध्या मात्रेचा पाऊण होतो. दोन टिंबं दिली तर एक मात्रेचे पावणेदोन! गाण्यांमध्ये ती घोड्याच्या टापांसारखी "टाऽऽक-ट, टाऽऽक-ट" लय असते ना, ती पाऊण अधिक पाव बरोबर एक मात्रा. आजोबांनी हे कागदावर बघितलं असतं तर म्हणाले असते, "यात शिकायचं काय आहे?"

म्हणून पहिले दोन महिने मी वाद्याला हात कमी लावला आणि टाळ्या जास्त वाजवल्या. मेट्रोनोम सावकाश लावायचा, पायाने मात्रा धरायची आणि हाताने कागदावरची लय वाजवायची. ट्रेनमध्ये मांडीवर वाजवायचो. शेजारच्या माणसाने दोनदा जागा बदलली.

यात गप्प बसण्यालाही चिन्हं आहेत. स्वर जितके लांबीचे, तितक्याच लांबीच्या विश्रांतीही लिहितात. नाटकाच्या कागदावर एक जाड आडवी पट्टी आणि वर २४ असा आकडा आला, म्हणजे २४ आवर्तनं गप्प बसून मोजायचं. आपल्याला गप्प बसायची सवय नसते, त्यामुळे मला हेच सगळ्यात अवघड गेलं.

आणि मग उड्या! कागद वाचवण्यासाठी संगीतात "इथून मागे जा", "पहिल्या वेळी हा शेवट, दुसऱ्या वेळी तो", "चिन्हापासून पुन्हा वाजव आणि कोडा दिसला की शेवटच्या पानावर उडी मार" अशा खुणा असतात. प्रोग्रॅमर मंडळींना सांगतो, पुनरावृत्ती म्हणजे लूप, दोन शेवट म्हणजे इफ-एल्स, आणि कोडा म्हणजे शुद्ध गोटू स्टेटमेंट. डायक्स्ट्रासाहेबांनी १९६८ मध्ये गोटू घातक असल्याचं पत्र छापलं होतं. अंधाऱ्या खड्ड्यात, एका हाताने पानं उलटताना, मला ते मनापासून पटलं.

नऊ महिन्यांनी प्रयोग झाले. सहा प्रयोग, आणि जाडजूड वहीभर संगीत. त्यातली बहुतेक गाणी मी आधी कधी ऐकलेली नव्हती. वीस अनोळखी माणसं एकत्र बसली, कंडक्टरने "सत्तेचाळिसाव्या बारपासून" म्हटलं आणि सगळे एकदम तिथून सुरू झाले, याचं मला अजून अप्रूप आहे. कोणी कोणाला गाऊन दाखवलं नाही.

पण थांबा. ही सगळी पाश्चात्यांची मिरास आहे असं समजू नका. आपल्या हिंदी चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ याच पाच रेघांवर उभा होता. गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांमधून मुलांना ही लिपी आणि व्हायोलिन शिकवत. तिथले वादक पोटासाठी मुंबईला आले आणि स्टुडिओंमध्ये शिरले. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा आणि सेबॅस्टियन डिसूझांसारखे संयोजक ती कागदावर उतरवून प्रत्येक वादकासाठी वेगळा भाग लिहायचे. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतले ते व्हायोलिनचे मोठे ताफे आठवा. आणि 'अमर अकबर अँथनी' मधला अँथनी गोन्साल्विस? तो खरा माणूस होता. गोव्याचा व्हायोलिनवादक, संयोजक, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालजींचा गुरू. १९७७ च्या त्या गाण्यातलं नाव म्हणजे शिष्याने दिलेली गुरुदक्षिणाच.

आणि आपली स्वतःची लिपीही आहेच. पंडित विष्णु नारायण भातखंडे जन्माने वाळकेश्वरचे, व्यवसायाने वकील. त्यांनी देशभर फिरून उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'त सहा भागांत छापल्या. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र, टिंब वर की खाली यावरून सप्तक. पलुस्करांची पद्धत निराळी होती. ज्यांनी गांधर्वच्या परीक्षा दिल्यात त्यांना हे सगळं माहीत आहे. मोठा फरक एकच. आपला सा गायकाबरोबर हलतो, पाच रेघांवरचा स्वर जागचा हलत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात काकू म्हणतात, "आज काळी एक नको, घसा बसलाय, पांढरी एक घ्या." कानावर वाजवणारा एक पडदा मागे सरकतो आणि सुरू करतो. कागद बघणाऱ्यासाठी मात्र काळी एक म्हणजे पाच स्वर कोमल, आणि पांढरी एक म्हणजे एकही नाही. सगळा कागद नवा. म्हणून गणपतीत मी अजूनही कानावरच वाजवतो. ज्या कामाला जे हत्यार.

आता जे सांगायला मी खरं उभा आहे, ते सांगतो.

मागच्या वर्षी माझी आई सहा महिन्यांसाठी इथे आली होती. तिला तिच्या आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या येतात. शब्द तिने कधीतरी वहीत उतरवून ठेवलेत, चाली फक्त तिच्या गळ्यात आहेत. एका बहिणीला थोड्या येतात, बाकी कोणाला नाहीत. माझी मुलगी दहा वर्षांची. इथल्या शाळेत चेलो वाजवते. तिचं मराठी बोलणं ठीक आहे, वाचणं अक्षर-अक्षर लावत. आजीची ओवी ती ऐकते, हसते आणि निघून जाते. आजी आणि नातीच्या मध्ये मी उभा.

पण चेलोचा क्लेफ आणि बेसचा क्लेफ एकच! म्हणून एका शनिवारी मी आईला गायला बसवलं आणि लिहायला लागलो. आईचा सा काळी चारच्या आसपास. तो मी डी वर आणला, म्हणजे चेलोच्या मोकळ्या तारांवर सा आणि प दोन्ही येतात. बारच्या उभ्या रेघा टाकायचा विचार सोडून दिला, कारण ओवी जात्याच्या फेऱ्याबरोबर चालते, चार-चारच्या खोक्यात बसत नाही. श्वास जिथे सुटतो तिथे स्वल्पविरामासारखी खूण केली. अर्ध्या पानात मावली.

मुलीने कागद समोर ठेवला आणि वाजवला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. मला वाटलं आता डोळ्यात पाणी वगैरे. ती म्हणाली, "चाल आहे, पण ही फार सरळ वाजवते. तिथे स्वर असा घसरत येतो. आणि शेवटी आवाज सोडून द्यायचा असतो, दळणारणीचा दम संपलेला असतो ना." मग मी दोन स्वरांच्या मध्ये तिरकी रेघ काढली, शेवटी आवाज कमी होत गेल्याची खूण केली. मुलगी पुन्हा वाजवायला लागली. आई तिच्या शेजारी बसली आणि हाताने दाखवत गात राहिली. मधेच मुलीने विचारलं, "आजी, दळणारीण म्हणजे काय?" पुढचा तासभर त्या दोघींना माझी गरज नव्हती.

लिपीची मर्यादाही त्या दिवशी दिसली. मींड, आंदोलन, आवाजाचा पोत, यातलं काहीच कागदात नीट उतरत नाही. आईचं रेकॉर्डिंगही मी करून ठेवलंय. पण रेकॉर्डिंग लोक ऐकतात आणि ठेवून देतात. कागद समोर आला की मुलं वाद्य हातात घेतात, कारण शाळेने त्यांना तीच सवय लावली आहे. आपल्या मुलांपैकी अनेकांना 'ळ' ओळखता येत नाही पण बेस क्लेफ ओळखता येतो. हे वाईट आहे की चांगलं, यावर आपण चहाच्या वेळी भांडू. पण ज्या लिपीत ती वाचतात त्या लिपीत आपलं काहीतरी त्यांच्या समोर ठेवायला काय हरकत आहे?

ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी चार गोष्टी. एक, रोज पंधरा मिनिटं पुरतात, रविवारी दोन तास पुरत नाहीत. दोन, रोज नवीन ओळ वाचा. तीच ओळ घोटली की ती पाठ होते आणि डोळे वाचायचं सोडून देतात. बेसवाल्यांनी लायब्ररीतून चेलो आणि ट्रॉम्बोनची पुस्तकं आणावीत, क्लेफ तोच असतो. तीन, स्वरांखाली ए-बी-सी लिहू नका. मग आपण अक्षरंच वाचतो, स्वर नाही. मुलं आधी क-म-ळ वाचतात आणि मग एकदम 'कमळ' दिसायला लागतं, तसंच इथेही होतं. सा रेघेवर असेल तर प मधली एक रेघ सोडून पुढच्या रेघेवर, आणि वरचा सा घरात. हे आकार दिसायला लागले की मोजावं लागत नाही. चार, स्वर हुकला तरी थांबायचं नाही. मात्रा कोणासाठी थांबत नाही, आणि डोळे हाताच्या एक मात्रा पुढे हवेत.

शेवटी मंडळाला एक विनंती. पुढच्या गणेशोत्सवात मुलांचा एक छोटा वाद्यवृंद बसवू. क्लॅरिनेट, व्हायोलिन, ट्रम्पेट, जे घरात असेल ते. आरत्यांच्या चाली मी लिहून देतो, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद. म्यूझस्कोअर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात हे सहज होतं. आणि ज्यांच्या घरी सध्या आई, सासूबाई, मावशी आल्या आहेत, त्यांना विचारा. मंगळागौरीची, भोंडल्याची, पाळण्याची, तुमच्याच गावात म्हणत असतील अशी एखादी चाल त्यांच्याकडे नक्की असेल. मला बोलवा, मी वही घेऊन येतो. परतीची तिकिटं बहुतेकांची नोव्हेंबरची असतात, तेव्हा दिवाळीच्या फराळाबरोबरच हेही उरकून घेऊ.

चकली मात्र खुसखुशीत हवी. सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा!